डबा बंद असेल तर अस्वल जगतं

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात सुट्टीवर आलेल्या कुटुंबांसाठी संध्याकाळचा एक खास कार्यक्रम असे. ऑटर क्रीकजवळ प्रेक्षकांसाठी बाकांच्या चढत्या रांगा बांधल्या होत्या. समोरच्या मोकळ्या जागेत उद्यानातल्या हॉटेलांचं उरलेलं अन्न ओतलं जाई आणि झाडीतून ग्रिझली अस्वलं येऊन त्यावर तुटून पडत. ओल्ड फेथफुलजवळच्या अशाच एका जागी, हा जेवणाचा टेबल फक्त अस्वलांसाठी आहे, अशा अर्थाची पाटी लावलेली होती. रस्त्यांवर काळी अस्वलं मोटारींच्या खिडक्यांशी उभी राहून खाऊ मागत आणि लोक हौसेने तो देत. पर्यटकांना ही मौज वाटत होती, आणि व्यवस्थापनालाही बराच काळ त्यात काही गैर वाटलं नाही.

त्या मौजेचा हिशेब उद्यानाच्याच नोंदींत आहे. १९३१ ते १९६९ या काळात यलोस्टोनमध्ये दरवर्षी सरासरी ४८ माणसं अस्वलांमुळे जखमी झाली आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या शंभरहून अधिक घटना दरवर्षी घडल्या. त्यापायी अस्वलंही मारली जात होती. माणसाच्या अन्नाला चटावलेला वन्य प्राणी बहुधा म्हातारा होऊन मरत नाही. ‘खाऊ घातलेलं अस्वल म्हणजे मेलेलं अस्वल’ असं अमेरिकेतले रेंजर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, ते याच अनुभवातून.

डोळे उघडायला मात्र एक भीषण रात्र लागली. १३ ऑगस्ट १९६७ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकमेकांपासून कित्येक किलोमीटर लांब असलेल्या दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींचा जीव घेतला. १९१० साली स्थापन झालेल्या या उद्यानात ग्रिझलीने माणूस मारल्याची तोवर एकही घटना नव्हती. मग एकाच रात्री दोन कशा? ग्रॅनाइट पार्क इथल्या डोंगरावरच्या विश्रामगृहामागे खरकटं टाकलं जात असे आणि ते खायला येणारी अस्वलं पाहणं हे पाहुण्यांचं आकर्षण होतं. ट्राउट लेकच्या परिसरातलं दुसरं अस्वल तो सगळा उन्हाळा तळांवरचं अन्न पळवत हिंडत होतं आणि त्याच्याबद्दल आधीच तक्रारी आल्या होत्या. दोन्ही अस्वलांना माणसाच्या जागी अन्न मिळतं हे पुरतं ठाऊक झालं होतं.

१९७० पासून यलोस्टोनने धोरण पूर्ण बदललं. उघडे उकिरडे बंद झाले, रस्त्यावर खाऊ घालण्याच्या मनाईची कडक अंमलबजावणी सुरू झाली, अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा कचराकुंड्या आल्या. हे करायला हवंच होतं. पण कसं करायचं यावरून मोठा वाद पेटला, आणि तो आजही समजून घेण्यासारखा आहे. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे जुळे भाऊ १९५९ पासून यलोस्टोनच्या ग्रिझलींचा अभ्यास करत होते. अस्वलांच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधून माग काढण्याचं तंत्र त्यांनीच रुजवलं. उकिरडे टप्प्याटप्प्याने बंद करा, पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वाढलेली अस्वलं एका झटक्यात उपाशी पडली तर ती तळांवर आणि वस्त्यांमध्ये घुसतील, असं त्यांचं म्हणणं होतं. व्यवस्थापनाने त्यांचं ऐकलं नाही. पुढच्या काही वर्षांत अनेक ग्रिझली माणसांच्या जवळ आल्या आणि मारल्या गेल्या; १९७५ मध्ये या अस्वलाला कायद्याने संरक्षित यादीत घालावं लागलं. दीर्घ काळात उद्यानाचं धोरण यशस्वी ठरलं, यात शंका नाही: १९७९ नंतरची आकडेवारी पाहिली तर यलोस्टोनमध्ये ग्रिझलीकडून जखमी होणाऱ्यांचं प्रमाण वर्षाला सरासरी एक इतकं खाली आलं आहे, आणि अस्वलांची संख्याही पुन्हा वाढली आहे. पण आधी वर्षानुवर्षं खाऊ घालायचं आणि मग एका हंगामात ताट ओढून घ्यायचं, याची किंमत त्या मधल्या पिढीतल्या अस्वलांनी चुकवली.

प्राणी बिघडतो म्हणजे नेमकं काय होतं? यात दोन निराळ्या पायऱ्या आहेत आणि दोन्हींमधला फरक उद्यानात जाणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवा. पहिली पायरी म्हणजे माणसाला सरावणं. रोज शेकडो गाड्या जातात, काही होत नाही, म्हणून रस्त्याकडेला चरणारं अस्वल मान वर करेनासं होतं. हे फारसं चांगलं नसलं, तरी एवढ्याने तो प्राणी धोकादायक होत नाही. दुसरी पायरी म्हणजे माणूस आणि अन्न यांची सांगड बसणं. तंबू दिसला की आत काहीतरी असणार, मोटारीच्या काचेमागे पिशवी दिसली की ती खाण्याची असणार, पाठीवर बोजा घेतलेला माणूस दिसला की त्याला घाबरवलं तर तो बोजा टाकून पळणार. ही सांगड एकदा बसली की ती तोडणं जवळजवळ अशक्य असतं. दहा वेळा काही मिळालं नाही आणि अकराव्या वेळी मिळालं, तरी प्राण्याचा शोध चालूच राहतो. उलट कधीतरीच मिळणारं बक्षीस ही सवय जास्त चिवट करतं.

अस्वलाच्या बाजूने पाहिलं तर त्यात नवल काहीच नाही. हिवाळी झोपेआधीच्या शरद ऋतूत काळं अस्वल दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खाऊ शकतं. तेवढं बेरी, मुळं आणि ओकच्या बिया गोळा करून मिळवायला दिवसाचे बहुतेक तास जातात. तळावर विसरलेली शेंगदाण्याच्या बटरची बरणी आणि ब्रेडचं पाकीट काही मिनिटांत त्याचा मोठा वाटा देऊन जातं. शिवाय मादी हे पिल्लांना शिकवते. मोटारीचं दार वाकवून उघडायची कला योसेमिटीच्या अस्वलांमध्ये अशीच आईकडून लेकरांकडे गेली.

योसेमिटीचं उदाहरण या विषयात सर्वांत शिकवणारं आहे. कॅलिफोर्नियातल्या या उद्यानात १९९८ साली अस्वलांमुळे १,५८४ घटना नोंदल्या गेल्या आणि साडेसहा लाख डॉलरहून अधिक नुकसान झालं. त्यातला मोठा भाग मोटारींचा होता. दाराच्या चौकटीत वरच्या कोपऱ्यातून नख्या घालायच्या, दार पत्र्यासारखं वाकवायचं आणि मागचं आसन उपसून डिकीत शिरायचं, ही त्यांची ठरलेली पद्धत. पुढच्या वर्षापासून अमेरिकी काँग्रेसने या एका प्रश्नासाठी दरवर्षी पाच लाख डॉलर मंजूर केले. तळावरच्या प्रत्येक जागेला लोखंडी लॉकर, वाहनतळांवर लॉकर, रात्रीची गस्त, नियम मोडणाऱ्यांना दंड, आणि येणाऱ्या प्रत्येकाला प्रवेशद्वारावरच सूचना. घटना नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. अस्वलं तीच होती, जंगल तेच होतं; बदललं ते माणसांचं अन्न ठेवण्याचं वागणं.

हा बदल अस्वलांच्या अंगातही मोजता आला. प्राणी जे खातो त्याच्या रासायनिक खुणा केसांत आणि हाडांत राहतात. योसेमिटीतल्या अस्वलांचे संग्रहालयांतले जुने नमुने आणि आजचे केस तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की १९७५ ते १९८५ या काळात माणसांचं अन्न खाणाऱ्या अस्वलांच्या आहारात त्याचा वाटा सुमारे ३५ टक्के होता. १९९९ नंतर तो सुमारे १३ टक्क्यांवर आला, म्हणजे साधारण शंभर वर्षांपूर्वी होता तेवढा. जिथे लॉकरला कडी लावली जाते, तिथे अस्वल पुन्हा जंगलाचं खायला लागतं, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

आणखी एक तपशील कुटुंब घेऊन जाणाऱ्यांसाठी. २००१ ते २००७ या काळात योसेमिटीत फोडलेल्या मोटारींचा अभ्यास झाला, तेव्हा अस्वलं मिनीव्हॅनला विशेष पसंती देतात असं आढळलं. संशोधकांचा एक अंदाज असा, की मुलं असलेली कुटुंबं मिनीव्हॅन वापरतात आणि लहान मुलांच्या आसनांच्या फटींत बिस्किटांचा चुरा, सांडलेला ज्यूस, चिकटलेली गोळी असं काही ना काही राहतंच.

कॅलिफोर्नियात राहणारी मराठी कुटुंबं आणि मुलांना भेटायला गेलेले आई-वडील योसेमिटीला हटकून जातात. सोबत डब्यांची मोठी पिशवी असते: चिवडा, बेसनाचे लाडू, थेपले, लोणचं, तुपाची बाटली, रात्री खिचडी टाकायला कुकर आणि मसाल्याचा डबा. हे सगळं नेण्यात काहीच चूक नाही. पण हिंग आणि तूप यांचा वास अस्वलाच्या नाकाला किती लांबून लागत असेल याची कल्पना घरून निघतानाच करायला हवी. सामान भरतानाच वासाच्या सगळ्या वस्तू एकाच पेटीत वेगळ्या ठेवल्या, तर संध्याकाळी अंधारात शोधाशोध होत नाही. ‘वासाच्या वस्तू’ या यादीत फक्त खाणं येत नाही. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, बाळाचे ओले वाइप्स, डिओडरंट, देवासाठी बरोबर घेतलेली उदबत्ती, गोड पातळ औषधाची बाटली, रिकामा झालेला पण न धुतलेला डबा, कचऱ्याची पिशवी, हे सगळं अस्वलाच्या लेखी अन्नच. बंद डब्यातलं किंवा बरफाच्या पेटीतलं अन्न सुरक्षित आहे असं समजणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. अस्वलाला बरफाची पेटी डोळ्यांनीही ओळखता येते.

योसेमिटीचा नियम साधा आहे. दिवसा अन्न मोटारीत ठेवायचं तर काचा पूर्ण बंद आणि पिशव्या नजरेआड. अंधार पडल्यावर मोटारीत काहीही ठेवायचं नाही. सगळं लॉकरमध्ये आणि लॉकरची कडी नीट लावलेली. तळावर असताना, माणूस शेजारी बसलेला असला तरी, लॉकर उघडा ठेवायचा नाही, कारण अस्वल दहा पावलांवरून येऊन पिशवी उचलून नेतं. मुलांची आसनं झटकून घ्यावीत, शक्य असेल तर तीही लॉकरमध्ये. नियम मोडल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि सामान जप्त होऊ शकतं. दुर्गम भागात पायी जाणाऱ्यांना कडक प्लास्टिकचं गोल कॅनिस्टर न्यावं लागतं. पूर्वी पिशवी झाडावर टांगायची पद्धत होती. योसेमिटीच्या अस्वलांनी फांद्या वाकवून, दोरी चावून तिचा केव्हाच निकाल लावला आणि तिथे आता तिला परवानगी नाही. कॅनिस्टर रात्री तंबूपासून तीसेक मीटर लांब, उतारापासून आणि पाण्यापासून दूर ठेवावं, म्हणजे अस्वलाने लाथा मारल्या तरी ते ओढ्यात जात नाही. त्याला दोरी बांधू नये. दोरी ही अस्वलासाठी धरायची मूठच ठरते.

कॅनिस्टरही अभेद्य नसतं. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत कानांवरच्या पिवळ्या बिल्ल्यांमुळे ‘यलो-यलो’ म्हणून ओळखली जाणारी एक लहानखुरी, बुजरी मादी होती. एका नामवंत कंपनीच्या कॅनिस्टरचं झाकण दाताने कळ दाबून फिरवायचं तिने शिकून घेतलं. कंपनीने दुसरी कळ बसवली. तीही तिने उघडली. २०१२ मध्ये ती एका शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली. ही गोष्ट अस्वलाच्या हुशारीची म्हणून सांगितली जाते. पण अनेक वर्षं तिला त्या झाकणांचा सराव करता आला, कारण त्या डोंगरांत रोज रात्री कुणा ना कुणाचं अन्न तिच्या आवाक्यात होतं, हेही तितकंच खरं आहे.

समोर अस्वल आलं तर काय करायचं, याचं उत्तर उद्यानागणिक बदलतं, आणि इथे गोंधळ जिवावर बेतू शकतो. योसेमिटीत फक्त काळी अस्वलं आहेत. तळावर किंवा सहलीच्या टेबलापाशी काळं अस्वल आलं तर सगळ्यांनी एकत्र उभं राहून, हात वर करून मोठमोठ्याने ओरडावं, भांडी वाजवावीत आणि त्याला निघून जायला मोकळी वाट ठेवावी. हा आरडाओरडा अस्वलाच्या भल्याचा आहे. माणसाच्या जागी गेलं की त्रास होतो, हे त्याला कळायला हवं. जंगलात आपल्या वाटेने जाणाऱ्या अस्वलावर मात्र ओरडू नये, निदान ५० यार्ड लांब राहून त्याला जाऊ द्यावं. अन्न त्याच्या तोंडात गेलं असेल तर ते परत मिळवायच्या भानगडीत कधीही पडू नये. यलोस्टोनमध्ये ग्रिझली आहेत. तिथे अस्वल आणि लांडगे यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर सक्तीचं आहे. ग्रिझली समोर आली तर पळू नये, किंचाळू नये, हळूहळू मागे सरावं. अस्वलांसाठीचा तिखट फवारा यलोस्टोनमध्ये कमरेला हाताशी ठेवावा अशी शिफारस आहे. योसेमिटीत तोच फवारा बाळगायला मनाई आहे. दोन्ही उद्यानं एकाच सहलीत करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अस्वल निदान सर्वभक्षी आहे. पण निव्वळ मांसाहारी शिकारी प्राण्यांचंही हेच होतं. यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे पुन्हा आणून सोडले गेले. त्यानंतर पहिल्यांदाच, २००९ मध्ये, व्यवस्थापनाला स्वतःच्या उद्यानातला एक लांडगा मारावा लागला, कारण तो माणसांना न घाबरता सायकलवाल्यांच्या मागे लागू लागला होता. माणसाच्या हातून कधीतरी खायला मिळालं असल्याची दाट शंका अशा वेळी असते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळचं कगारी हे वाळूचं बेट, पूर्वीचं फ्रेझर आयलंड, या बाबतीत फार काही शिकवून जातं. इथले डिंगो, ज्यांना तिथले मूळ रहिवासी बुचुल्ला लोक ‘वोंगारी’ म्हणतात, दिसायला आपल्या गावठी कुत्र्यासारखे. हीच अडचण आहे. माणसाचा हात आपोआप बिस्किटाच्या पुड्याकडे जातो. ३० एप्रिल २००१ रोजी इथे नऊ वर्षांच्या एका मुलाचा डिंगोंच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर तीसहून अधिक डिंगो मारण्यात आले. मग बेटावर वस्त्या आणि काही तळांभोवती कुंपणं आली, खाऊ घालणाऱ्यांना हजारो डॉलरचा दंड लागू झाला. तरी २०२३ च्या मध्यात पुन्हा तेच दिसलं: एका दहा वर्षांच्या मुलाला डिंगोने पाण्यात ओढलं, जुलैमध्ये किनाऱ्यावर धावायला गेलेल्या एका तरुणीला टोळीने समुद्रात रेटलं आणि दोघांनी धावत जाऊन तिला वाचवलं. त्या टोळीचा म्होरक्या डिंगो मारण्यात आला. त्याच सुमारास डिंगोंच्या अगदी जवळ जाऊन सेल्फी काढणाऱ्या दोन स्त्रियांना प्रत्येकी सुमारे २,३०० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. जवळून काढलेल्या त्या चित्रफिती पाहून पुढचे शंभर जण तसंच करायला जातात, म्हणून हा दंड योग्यच म्हणायला हवा.

कगारीला जायचं असेल तर मुलं कायम हाताच्या अंतरावर असावीत. ‘तिथे खेळतंय’ एवढं अंतरही जास्त आहे. एकट्याने फिरू नये, हातात काठी असावी, किनाऱ्यावर धावायला जाऊ नये, कारण धावणारं काहीही डिंगोची पाठलाग करण्याची ऊर्मी चेतवतं. डिंगो जवळ आला तर छातीवर हात बांधून ताठ उभं राहावं, त्याच्याकडे तोंड ठेवून शांतपणे मागे सरावं, हाताशी असलेल्या माणसांना हाक मारावी. तंबूत अन्न ठेवू नये. मासेमारी करणाऱ्यांनी माशांची आतडी-डोकी किमान अर्धा मीटर खोल पुरावीत. वाळूत वरवर झाकलेलं आमिष ही डिंगोला बोलावण्याची खात्रीची रीत आहे.

मग चटावलेल्या प्राण्याला उचलून दूर नेऊन का सोडत नाहीत, हा प्रश्न दरवेळी विचारला जातो. कागदावर ही सर्वांत दयाळू कृती वाटते. प्रत्यक्षात अस्वलं कित्येक डोंगर ओलांडून परत येतात, किंवा नव्या जागी जाऊन तिथल्या तळांवर तेच करतात. नवा प्रदेश ज्याच्या ताब्यात आहे त्या प्राण्याशी झुंज होते, ती वेगळीच. रबरी गोळ्या, फटाके, मुद्दाम तयार केलेले कुत्रे यांनी प्राण्याला पिटाळण्याचे उपाय उद्यानं करतात. ते उपयोगी पडतात, पण सवय लागण्याच्या अगदी सुरुवातीला. अन्नाची चटक लागलेल्या प्राण्यावर त्यांचा परिणाम अल्पकाळ टिकतो.

प्राणी उचलून दूर सोडण्याचा सर्वांत कडू अनुभव महाराष्ट्राला आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर परिसरात उसाच्या शेतांत राहणारे बिबटे २००१ पासून मोठ्या प्रमाणात पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की त्याआधीच्या वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, आणि स्थलांतराची मोहीम सुरू झाल्यावर ते सतरापर्यंत गेले. पकडण्याचा ताण, अनोळखी प्रदेश आणि माणसांशी जबरदस्तीने आलेला संबंध यांनी प्राणी अधिक धोकादायक झाला. म्हणूनच आज बिबट्या दिसला की ‘पिंजरा लावा’ ही मागणी करण्याआधी थांबायला हवं. त्या जागी पोकळी झाली की दुसरा बिबट्या येतो, आणि तो वाट, पाणी, कुंपण काहीच न ओळखणारा असतो.

मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, तीन बाजूंनी शहराने वेढलेलं. इथला बिबट्या थेट माणसाचं अन्न खात नाही. पण त्याच्या ताटापर्यंत पोहोचणारी साखळी सुरू होते ती इमारतीमागच्या उघड्या कचराकुंडीपासून. उरलेलं अन्न, मटणाच्या दुकानाचा टाकाऊ भाग, लग्नाच्या जेवणाचं खरकटं यावर कुत्री आणि डुकरं वाढतात, आणि कुत्रं बिबट्याच्या दृष्टीने सोपी शिकार आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या एका अभ्यासात बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. मुंबईत २००२ ते २००४ या काळात हल्ले झाले, २००४ चा जून महिना त्यात सर्वांत वाईट ठरला. २०११ पासून वनविभागाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम संशोधक आणि नागरिकांना बरोबर घेऊन सुरू केला. कॅमेरा ट्रॅप, वस्त्यांतल्या बैठका, पोलीस आणि महापालिका यांच्याशी समन्वय, यातून बरंच बदललं. आरे आणि उद्यानाच्या कडेच्या पाड्यांवर वारली कुटुंबं वाघोबाला पिढ्यान्‌पिढ्या पुजतात. बिबट्या शेजारी असतो हे त्यांना नवं नाही. नवे आहेत ते कडेला उभे राहिलेले टॉवर, आणि त्यांच्यासोबत आलेला कचरा.

उद्यानालगत राहणाऱ्यांनी करण्यासारखं बरंच काही आहे. सोसायटीचा ओला कचरा झाकणाच्या, पक्क्या कुंडीत आणि रोज उचलला जाईल असा हवा. शक्य असेल तर आवारातच खत. भटक्या कुत्र्यांना रात्री कुंपणाजवळ जेवण ठेवणारे पुष्कळ जण आहेत. त्यांची माया खरी आहे, पण त्यांनी ठेवलेलं ताट रात्री अकरानंतर बिबट्यासाठीचं आमिष होतं. खाऊ घालायचंच तर दिवसा, ठरावीक जागी, उरलेलं उचलून, आणि निर्बीजीकरणासोबत. पाड्यावर कोंबड्या-बकऱ्या रात्री पक्क्या दाराच्या खुराड्यात असाव्यात. अंधारात शौचाला उघड्यावर बसलेलं मूल बिबट्याला माणूस म्हणून दिसतच नाही, लहान चार पायांच्या जनावराएवढं दिसतं. म्हणून प्रत्येक पाड्यावर शौचालय आणि दिवा ही वन्यजीव संरक्षणाचीच कामं आहेत, आणि ती महापालिकेकडे मागायला हवीत. संध्याकाळनंतर मुलं एकटी सोडू नयेत, गवत वाढलेल्या वाटेवरून जाताना गप्पा मारत, गाणं लावत जावं.

भक्तीने खाऊ घालणं हा आपल्याकडचा वेगळा विषय. छत्तीसगडमधल्या महासमुंद जिल्ह्यात घुंचापालीच्या चंडीदेवीच्या देवळात संध्याकाळी अस्वलं येतात आणि भाविक त्यांना हाताने प्रसाद भरवतात, शीतपेयंही पाजतात. तिथली श्रद्धा आणि अस्वलांचा शांतपणा पाहून कुणाचंही मन भरून येईल. पण स्लॉथ बेअर जातीचं हे अस्वल भारतात माणसांवर सर्वाधिक हल्ले करणाऱ्या प्राण्यांपैकी एक आहे, हे विसरून चालत नाही. ऑटर क्रीकच्या बाकांवर बसलेल्या लोकांनाही ग्रिझली शांतच वाटत होत्या. देवळातल्या गर्दीत एखादं मूल पडलं किंवा एखाद्या अस्वलाला प्रसाद मिळाला नाही, तर काय होईल हे कुणालाच आधी सांगता येणार नाही, आणि दोष मात्र अस्वलाला लागेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ताडोबाच्या बफर क्षेत्रात पाण्याच्या कडेला पडलेली प्लास्टिकची बाटली तोंडात धरलेल्या वाघाची चित्रफीत देशभर फिरली. ती बाटली कुणीतरी आत नेली होती. सफारीला जाताना वेष्टनं, बाटल्या, फळांच्या साली, पानाच्या पुड्या सगळं परत आणावं. जिप्सीतून माकडाला केळं फेकलं, तर त्या वाटेवर थांबण्याची सवय फक्त माकडालाच लागत नाही. गाइड किंवा ड्रायव्हर जवळ जाऊन प्राण्याला खुणावत असेल, तर पर्यटकांनीच त्याला थांबवावं. ‘जवळून फोटो मिळाला पाहिजे’ हा पर्यटकांचा आग्रह त्याच्यावर नसेल, तर तोही ते करणार नाही.

महाराष्ट्रात बिबट्या वस्तीत शिरला, विहिरीत पडला किंवा कुठे वारंवार दिसू लागला, तर गर्दी करू नये, व्हिडिओसाठी जवळ जाऊ नये, दगड मारू नयेत. वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या १९२६ क्रमांकावर लगेच कळवावं, आणि ज्या गल्लीत तो दिसला तिथली कचराकुंडी त्याच संध्याकाळी झाकली आहे ना, हे पाहावं.